वेबसाइट नवी केली आणि मेल बंद पडले! डीएनएस रेकॉर्ड म्हणजे काय?

बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीत रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे कारखाने आहेत. समजा, त्यातल्या एका छोट्या कारखान्याने शुक्रवारी नवी वेबसाइट सुरू केली. साइट झकास दिसते. पण सोमवार उजाडतो, दुपार होते, आणि ऑर्डरचा एकही मेल आलेला नसतो. घोळ साइटमध्ये नाही, डीएनएस रेकॉर्डमध्ये आहे.

संगणक एकमेकांना आकड्यांच्या आयपी पत्त्याने ओळखतात. माणसांच्या लक्षात नावं राहतात. सुरुवातीला सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. ती यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, आखली.

यात नाव उजवीकडून वाचलं जातं. पालघर जिल्ह्याची साइट आहे 'पालघर डॉट गव्ह डॉट इन'. आधी 'इन' कोण सांभाळतं ते शोधायचं, मग 'गव्ह', शेवटी 'पालघर'. त्यामुळे 'पालघर-गव्ह डॉट इन' असं काही व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तर सावध व्हा. मध्ये डॉटऐवजी रेघ आहे, म्हणजे हे नाव सरकारी 'गव्ह डॉट इन'खाली येतच नाही.

प्रत्येक डोमेनच्या रेकॉर्डमध्ये कामं वाटलेली असतात. 'ए' रेकॉर्ड साइटचा पत्ता सांगतो, 'एमएक्स' मेल कुठे पोचवायचा ते. 'टीएक्सटी'मध्ये आपल्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात हे लिहिता येतं. ते लिहिलं नसेल तर 'आमचं बँक खातं बदललंय' असा खोटा मेल कंपनीच्या नावाने पाठवणं भामट्यांना सोपं जातं. आणि ही सगळी वही कोणाकडे आहे, ते 'एनएस' सांगतो.

आपल्या कारखान्यात नेमकी ही वहीच बदलली गेली. साइट बनवणाऱ्याने 'एनएस' नव्या होस्टिंगकडे वळवला, तिथे 'ए' भरला आणि 'एमएक्स' विसरला. 'एमएक्स' सापडला नाही की मेल थेट वेबसाइटच्या पत्त्यावर जाऊ पाहतो. तिथे तो घेणारं कोणी नसतं.

चूक सुधारली तरी लगेच सगळं सुरळीत होत नाही. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. ज्याला हे कळलंच नाही, तो कामासाठी ठाण्यालाच गेला असता. इंटरनेटवरही जुनं उत्तर काही काळ साठवलेलं असतं; किती काळ, ते 'टीटीएल' ठरवतो. ३६०० म्हणजे ३६०० सेकंद, एक तास.

पाठवणारा सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे अडकलेले मेल उशिरा का होईना, येऊ शकतात. जे थेट नाकारले गेले, ते मात्र पाठवणाऱ्यालाच पुन्हा पाठवावे लागतात.

खरं तर नुसती साइट हलवायची असेल, तर 'एनएस'ला हात लावायची गरजच नसते. बहुतेक वेळा 'ए' बदलला की भागतं.