टपालाच्या थैलीतली तवारीख

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कापडी बांधणीचा जाडजूड ग्रंथ उभा राहतो. उर्दू आणि अरबी भाषांत मात्र हा साहित्यप्रकार रुजला तो टपालाने घरी येणाऱ्या रिसाल्यांतून. एका अंकात कादंबरीची काही प्रकरणे, आणि पुढचा अंक येईपर्यंत वाट पाहणे. लखनौमध्ये छापलेली प्रकरणे हैदराबादेत वाचली जात, कैरोमध्ये छापलेली बैरुतला आणि थेट अमेरिकेत. एकाच गोष्टीची एवढ्या दूरदूरची माणसे एकाच वेळी वाट पाहत आहेत, ही घटना आपल्या इतिहासात नवी होती. तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आम्हांला वाटते.

हे शक्य झाले ते टपालखात्यामुळे. पूर्वी एका देशातून दुसऱ्या देशात छापील मजकूर पाठवायचा तर वाटेतल्या प्रत्येक देशाचा करार वेगळा आणि दर वेगळा असे. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी २२ देशांनी एकत्र येऊन टपालसंघ स्थापन केला. इजिप्त आणि उस्मानी सल्तनत हे दोन्ही त्यात पहिल्यापासून होते. हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी सामील झाला. टपालापुरते हे सगळे देश एकच मुलूख मानले गेले, आणि छापील कागदाला पत्रापेक्षा कमी दर ठरला. पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, आपल्याकडे व्ही.पी.ची पद्धत सुरू झाली. पुस्तक हातात पडल्यावर पोस्टमनकडे पैसे द्यायचे, या सोयीने खेड्यातला वाचकही शहरातल्या छापखान्याशी जोडला गेला.

या नव्या वाटेने काय काय गेले, हे पाहण्यासाठी आम्ही एकाच माणसाची गोष्ट घेतो. तो माणूस म्हणजे सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी.

सर वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश लेखकाने १८२५ मध्ये ‘द टॅलिसमन’ ही कादंबरी लिहिली. विषय सलीबी जंगांचा, म्हणजे क्रुसेडचा. इंग्रजी पुस्तके जहाजाने हिंदुस्थानात येत होती. त्यांतच ही लखनौच्या मौलवी अब्दुल हलीम शरर यांच्या हाती पडली. शरर यांचे बालपण कलकत्त्याजवळ मटिया बुर्ज येथे, वाजिद अली शाह यांच्या हद्दपारीतल्या दरबाराच्या छायेत गेले होते. गमावलेल्या वैभवाचे दुःख त्यांनी जवळून पाहिले होते. स्कॉटने सलाहुद्दीनला उमदा दाखवला आहे, हे खरे. तरीही मुसलमानांचे जे एकूण चित्र त्या कादंबरीत उतरले, ते शरर यांना खटकले. त्यांनी वर्तमानपत्रातून ओरड केली नाही; कादंबरीला कादंबरीनेच उत्तर दिले. १८८७ मध्ये त्यांनी ‘दिलगुदाज’ हा रिसाला काढला आणि १८८८ मध्ये त्यातून ‘मलिकुल अझीझ वर्जिना’ क्रमशः छापली. सलाहुद्दीनचा मुलगा अझीझ आणि ख्रिस्ती राजघराण्यातली वर्जिना यांची ती कथा. उर्दूत ऐतिहासिक कादंबरीची वाट येथून सुरू झाली. पुढे १८९९ मध्ये त्यांची ‘फिर्दौस-ए-बरीं’ आली.

मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातूनच आली. ह. ना. आपट्यांनी मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीच्या आधारे ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली. पुढे त्यांची ‘उषःकाल’ १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून वाचकांना मिळाली. पुणे आणि लखनौ एकाच काळात, एकाच पद्धतीने आपापला भूतकाळ शोधत होते. मात्र दोघांच्या टपालथैल्या वेगळ्या दिशांना जात होत्या.

तिसरा लेखक कैरोचा. जुर्जी झैदान यांचा जन्म १८६१ मध्ये बैरुतच्या एका गरीब ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडिलांची छोटी खाणावळ होती. तेथे काम करत करत ते शिकले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सुटले, १८८३ मध्ये ते कैरोला गेले आणि १८९२ मध्ये त्यांनी ‘अल्-हिलाल’ हे मासिक सुरू केले. १८९१ पासून १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी २२ ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. करबला, अंदलुसचा विजय, खलिफा हारून रशीदची बहीण अब्बासा, इजिप्तची मलिका शजरतुद्दुर अशा विषयांवर, म्हणजे बहुतेक सगळ्या इस्लामी इतिहासावर. १९१३ मध्ये त्यांनी सलाहुद्दीनवरही कादंबरी लिहिली. एक ख्रिस्ती लेखक, आणि त्याच्या लेखणीतून मुसलमान वाचकांच्या घरी येणारा त्यांचा स्वतःचा इतिहास!

‘अल्-हिलाल’चे वाचक इजिप्तपुरते नव्हते. शाम प्रांतातून अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये पोट भरायला गेलेल्या अरबांपर्यंत तो टपालाने पोहोचत असे. तेथून वाचकांचे प्रश्न येत आणि झैदान त्यांना मासिकातून उत्तरे देत. सुलतान अब्दुल हमीद यांच्या राज्यात छापील मजकुरावर कडक पहारा होता. पण बैरुतसारख्या बंदरांत इंग्रज, फ्रेंच आणि ऑस्ट्रियन सरकारांची स्वतंत्र टपालकचेऱ्या होत्या, आणि सरकारी डोळ्यांना नको असलेला कागद तेथून आत येऊ शकत असे. परकी सत्तेची ही घुसखोरी वाचकाला मात्र कामी आली. इतिहासात अशी गुंतागुंत असतेच.

झैदान यांची लिहिण्याची रीत शिक्षकाला आवडावी अशी आहे. प्रेमकथेच्या धाग्यावर ते घटना ओवतात आणि मूळ अरबी इतिहासग्रंथांचे हवाले तळटीपेत देतात. कादंबरीने इतिहासाची सेवा करावी, कादंबरीसाठी इतिहास वाकवू नये, अशी त्यांची भूमिका होती. ती प्रत्येक वेळी पाळली गेली का, यावर वाद होऊ शकतो. आणि तो झालाही.

हा वाद आमच्या दृष्टीने या सगळ्या हकीकतीचा गाभा आहे. झैदान यांनी इस्लामी संस्कृतीचा पाच खंडांचा इतिहासही लिहिला होता. त्यात उमय्या खलिफांवर आणि एकूणच अरबांवर अन्याय झाला आहे, असे लखनौच्या नदवतुल उलेमाशी संबंधित अल्लामा शिबली नोमानी यांना वाटले. मुंबईच्या वाचकांना शिबली परके नाहीत. त्यांच्या फार्सी गझलांत हे शहर वारंवार येते. शिबलींनी अरबीतून सविस्तर टीका लिहिली आणि १९१२ मध्ये ती कैरोच्याच ‘अल्-मनार’ मासिकात प्रसिद्ध झाली. म्हणजे कैरोचा ग्रंथ लखनौला आला, आणि लखनौचे उत्तर कैरोला जाऊन छापले गेले. फतवा नाही, मोर्चा नाही. पानाला पानाने उत्तर.

याच सुमारास दुसरी एक घटना घडली. १९१० मध्ये नव्याने स्थापन झालेल्या इजिप्शियन विद्यापीठाने झैदान यांना इस्लामचा इतिहास शिकवायला बोलावले. ख्रिस्ती माणसाने हा विषय शिकवावा याला विरोध झाला आणि त्यांना दिलेले आमंत्रण मागे घेतले गेले. ज्यांची कादंबरी मुसलमानांच्या घराघरात चालत होती, त्यांना वर्गाचा उंबरठा ओलांडता आला नाही. शिबलींची टीका आणि विद्यापीठाची माघार या दोन्ही गोष्टी विरोधाच्याच आहेत. पण पहिलीने ज्ञान वाढले, दुसरीने दार बंद झाले. हा फरक आम्ही शिक्षकांनी तरी ओळखला पाहिजे.

झैदान २१ जुलै १९१४ रोजी वारले. आठवडाभरात पहिले महायुद्ध पेटले. त्याच शरद ऋतूत उस्मानी मुलखातल्या परकी टपालकचेऱ्या बंद झाल्या, आणि त्यानंतर इजिप्त व शाम प्रांत शत्रूंच्या दोन बाजूंना गेले.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे ही गोष्ट आमच्यासाठी केवळ जुनी नाही. १९४७ नंतर उर्दूची छापखान्यांची शहरे दोन देशांत वाटली गेली. कुर्रतुलऐन हैदर यांची ‘आग का दर्या’ १९५९ मध्ये लाहोरला प्रसिद्ध झाली. अडीच हजार वर्षांच्या हिंदुस्थानाची ही कादंबरी लिहिणाऱ्या लेखिका पुढे भारतात परतल्या आणि मुंबईत त्यांनी अनेक वर्षे पत्रकारिता केली. पुस्तकांची ये-जा मात्र राजकारणाच्या हवामानावर चालू-बंद होत राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने भारताशी टपाल थांबवले. काही महिन्यांनी ते अंशतः सुरू झाले. ३ मे २०२५ रोजी भारताने पाकिस्तानातून येणारे सर्व टपाल आणि पार्सले थांबवली. त्याच्या दोनच दिवस आधी आपल्या टपालखात्याने देशांतर्गत पुस्तकांसाठी स्वस्त दराची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा सुरू केली होती. त्या योजनेचे आम्ही स्वागतच करतो. देशाच्या सुरक्षेचे निर्णय सरकारने घ्यायचे असतात, हेही आम्हांला मान्य आहे. पण एका भाषेचा भूतकाळ दोन बंद खोल्यांत लिहिला जाऊ लागला की काय होते, हे सांगणे आमचे काम आहे.

कुणी म्हणेल, आता टपाल हवेच कशाला? शरर यांची पुस्तके ‘रेख्ता’वर मोबाईलमध्ये वाचता येतात. खरे आहे, आणि आम्हीही तशी वाचतो. मजकूर मिळण्याची अडचण आज पूर्वीइतकी नाही. अडचण आहे ती उत्तराची. स्कॉटला शरर यांनी उत्तर दिले, पण शरर यांच्या कादंबऱ्यांतही आपले ते सगळे शूर आणि समोरचे ते दुबळे, असा एकांगीपणा आहेच. त्यांनाही उत्तर हवे होते. सलाहुद्दीन एका स्कॉटिश माणसाला एक दिसला, लखनौच्या मुसलमानाला दुसरा, बैरुतच्या ख्रिस्ती माणसाला तिसरा. तिघांना एकत्र वाचले तरच विद्यार्थ्याला कळते की इतिहास आणि इतिहासाचे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. उर्दू शाळेने ‘उषःकाल’ वाचावी आणि मराठी शाळेने ‘फिर्दौस-ए-बरीं’चा अनुवाद वाचावा. वाचून झाल्यावर मुलांनी एकमेकांना पत्र लिहावे: तुमच्या कादंबरीत आम्ही असे दिसतो, आम्हांला हे पटले, हे पटले नाही. यासाठी सरहद्द ओलांडावी लागत नाही. बहुतेक गावांत या दोन शाळांमध्ये एकाच टपालकचेरीचे अंतर असते.