आपोआप फिरणारं चाक : भास्कराचार्यांपासून बुकिंगच्या पावतीपर्यंत

गेले काही महिने आपल्या भागातल्या ग्रुपांवर एकाच जातीचे व्हिडिओ फिरताहेत. एक एचपीची मोटर, तिला पट्ट्याने जोडलेलं भलंमोठं फ्लायव्हील, पुढे पाच केव्हीएचा अल्टरनेटर. चाक वेगात आलं की मिस्त्री प्लग उपटतो, मोटरची वायर त्याच अल्टरनेटरला जोडतो, आणि बल्बांची माळ पेटलेलीच. खाली मजकूर : लाइट बिल कायमचं बंद, बुकिंग सुरू. दोन-तीन शेतकरी मित्रांनी मला विचारलं, भाऊ, हे खरं आहे का? विसार द्यायचा का? एका वाक्यात उत्तर देता आलं असतं, पण या चाकाचा इतिहास इतका रंगतदार आहे की म्हटलं, सविस्तरच लिहू. लांब आहे, चहा घेऊन बसा.

ही कल्पना नवी नाही. साधारण १४०० वर्षं जुनी आहे, आणि आपल्याच देशातली आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला. त्यात हलक्या लाकडाचं चाक आणि त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे, असं यंत्र सांगितलंय. आऱ्यांत अर्धा पारा भरायचा, तोंडं बंद करायची, चाक आसावर बसवायचं की ते आपोआप फिरत राहील. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीच्या यंत्राध्यायात अशीच चाकं दिली. त्यातलं एक तर फार छान आहे : चाकाच्या धावेला चर खोदायचा, वरून ताडाची पानं मेणाने चिकटवायची, आत अर्ध्यात पाणी आणि अर्ध्यात पारा.

आता भास्कराचार्य म्हटलं की आपला खानदेश आला. त्यांचं जन्मगाव कोणतं यावर वाद आहे, पण चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तसा शिलालेखच आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. पाटणादेवीला आपण सगळेच जातो, शिलालेख किती जण बघतात हा वेगळा विषय.

मुद्दा असा, की 'हे यंत्र आपल्या ऋषींनी केलं आणि गोऱ्यांनी चोरलं' असे जे फॉरवर्ड येतात ते अर्धवट आहेत. कल्पना युरोपच्या आधी आपल्याकडे लिहिली गेली, हे बरोबर. पण ते चाक फिरत राहिलं, हे चूक. ते फिरूच शकत नाही. भास्कराचार्यांचा मोठेपणा लीलावती आणि बीजगणितात आहे, तो या चाकावर टांगायची गरज नाही.

का फिरू शकत नाही? रहाट डोळ्यासमोर आणा. या सगळ्या चाकांचा डाव एकच : खाली जाणाऱ्या बाजूची वजनं आसापासून लांब सरकवायची आणि वर येणाऱ्या बाजूची जवळ ठेवायची. लांबच्या वजनाचा जोर जास्त, म्हणून चाक फिरेल. कागदावर एकदम पटतं. पण प्रत्यक्षात बनवलं की दिसतं, लांब गेलेली वजनं संख्येने कमी पडतात आणि जवळ आलेल्यांची गर्दी होते. इकडे चार लांब, तिकडे सहा जवळ. हिशेब बरोबर शून्यावर येतो. चाक जरा डुलतं आणि थांबतं. उरलंसुरलं बेअरिंगचं घर्षण खातं.

१२३५ च्या सुमारास फ्रान्समधल्या विलार द ओनकूरने हातोड्या लटकवलेलं असंच चाक काढलं. लिओनार्दो दा विंचीने कितीतरी चाकं काढली आणि ती का चालत नाहीत हेही मांडलं. पण खरा गाजला तो जर्मनीतला योहान बेसलर, टोपणनाव ऑर्फिरेउस.

या बेसलरने १७१२ मध्ये गेरा गावात पहिलं चाक दाखवलं. पुढे हेस्से-कासेलच्या राजाने, कार्लने, त्याला आश्रय दिला. वायसेनश्टाइनच्या वाड्यात १२ फूट व्यासाचं, मेणकापडाने झाकलेलं चाक बसवलं. १२ नोव्हेंबर १७१७ ला खोलीला कुलूप घालून मोहोर लावली. दोन आठवड्यांनी उघडलं तर चाक फिरतंय. पुन्हा मोहोर लावली, ४ जानेवारी १७१८ ला उघडलं, तरी फिरतंय! राजाला आतलं दाखवलं होतं म्हणतात. तो म्हणाला, इतकं सोपं आहे की सुताराचं पोरही करील. बाकी कोणाला बघायचं असेल तर आधी मोठी रक्कम मोजा, अशी बेसलरची अट.

१७२१ मध्ये हॉलंडचा मोठा विद्वान स्ख्राव्हेसांडे तपासायला आला. त्याने आस बाहेरून बारकाईने पाहिला, त्याला फसवणूक दिसली नाही, आणि तसं त्याने थेट न्यूटनला पत्राने कळवलं. पण बेसलरला संशय आला की हा फुकटात गुपित काढून नेतोय. त्याने रागाने स्वतःचंच चाक फोडून टाकलं. १७२७ मध्ये त्याच्या मोलकरणीने जबानी दिली की शेजारच्या खोलीतून आम्ही आळीपाळीने ते फिरवायचो. बेसलरचे चाहते आजही तिला खोटी म्हणतात. स्वतः बेसलर १७४५ मध्ये एक पवनचक्की बांधताना वरून पडून गेला.

मोलकरणीवर विश्वास नसेल तर अमेरिकेतला चार्ल्स रेडहेफर घ्या. १८१२ मध्ये फिलाडेल्फियात तिकीट लावून यंत्र दाखवायचा आणि सरकारकडे पैसेही मागत होता. तपासायला आलेल्यांपैकी एकाच्या पोराने दातेरी चाकाकडे नीट पाहिलं. दात उलट्या बाजूने झिजले होते! म्हणजे जे यंत्र दुसऱ्याला चालवतंय असं सांगितलं, ते स्वतःच दुसऱ्याकडून चालवलं जात होतं. लेथवर काम करणाऱ्या आपल्या मित्रांना ही गंमत लगेच कळेल. रेडहेफर तिथून न्यूयॉर्कला गेला. तिथे आगबोटवाला रॉबर्ट फुल्टन बघायला आला, तर यंत्राचा आवाज त्याला एकसारखा वाटेना. त्याने भिंतीजवळची पट्टी उपटली. आतून तातीचा पट्टा निघाला, आणि तो माग काढत माळ्यावर गेला तर एक म्हातारा हँडल फिरवत बसलेला.

पण सगळेच लबाड नव्हते, आणि मला जास्त वाईट वाटतं ते बाकीच्यांचं. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठरवलं की यापुढे असली यंत्रं तपासायचीच नाहीत. कारण काय दिलं? या नादाने कितीतरी कुटुंबं धुळीला मिळाली, चांगले कारागीर आयुष्यभर याच्यामागे वाया गेले. वीस वर्षांच्या बातमीदारीत असे दोघे माझ्याकडेही आले. दोघेही हाताने सोन्यासारखे, वेल्डिंग बघत राहावं असं. एकाने बायकोचे दागिने बेअरिंगमध्ये घातले होते. त्यांना वेडं म्हणून हसणाऱ्यांचा मला राग येतो.

ऊर्जा निर्माण होत नाही, फक्त रूप बदलते, हा नियम १८४० च्या दशकात मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी पक्का केला. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(अ) सांगतं की निसर्गनियमांना उघड धरून नसलेल्या गोष्टीला पेटंट नाही. म्हणजे व्हिडिओखाली 'पेटंट अर्ज केलाय' असं लिहिलेलं असेल तर तो अर्धा कागद आहे. अर्ज कोणीही करतं.

राहिलं फ्लायव्हील. ते म्हणजे पाण्याची टाकी. टाकी मोठी केली म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही. प्लग काढल्यावर साठलेला वेग काही सेकंद, फार तर काही मिनिटं बल्ब पेटता ठेवतो, आणि व्हिडिओ बरोबर तेवढाच असतो. त्यापेक्षा लांब असेल तर खाली बॅटरी किंवा फाउंडेशनमधून आलेली वायर शोधा.

तेव्हा विसार देण्याआधी विक्रेत्याला म्हणा, यंत्र माझ्या शेतात, उघड्या रानात, विटांवर ठेव. मीटरपासून लांब. झाकण काढ. वर पाण्याची पाच एचपीची मोटर लाव आणि तीन दिवस चालू दे, जेवण माझ्याकडे. तयार झाला तर मला फोन करा, मी कॅमेरा घेऊन येतो.