घारीचं घरटं आणि पट्ट्यावरचं विमान

परवा रविवारी आमच्या डोंबिवलीच्या घरी जेवणं आटोपून सगळे गप्पा मारत बसलो होतो, तेवढ्यात नातवाने एक कोडं टाकलं. जिममध्ये चालण्याचा सरकता पट्टा असतो ना, तसाच पण धावपट्टीएवढा लांब पट्टा आहे. त्यावर विमान उभं आहे. विमान जितक्या वेगाने पुढे जाईल, तितक्याच वेगाने पट्टा मागे सरकतो. तर विमान उडेल की नाही?

"यात काय विचारायचं? जागच्या जागी पळत राहील," भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, रेल्वेच्या कारखान्यात 35 वर्षं काढलेले. मीही त्यांच्याच बाजूची. नातू एकटा पलीकडे. तासभर आवाज चढत गेले, सूनबाईने मध्ये दोनदा चहा केला.

भाऊजींचा मुद्दा साधा होता. पावसाळ्यात घाटात रूळ निसरडे झाले की इंजिनाची चाकं जागीच गरगरतात, गाडी हलत नाही. म्हणून तर इंजिनातून रुळावर वाळू सोडतात. चाकाला पकड नाही तर गती नाही. आगगाडीच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. पण नातू म्हणाला, "आजोबा, विमानाची चाकं इंजिन फिरवतच नाही."

इथे मी गप्प झाले. विमान पुढे जातं ते हवेला मागे रेटून. चाकं मोकळी असतात, नुसता टेकू. पट्टा उलट धावला तर ती दुप्पट वेगाने फिरतील, एवढंच.

मग नातवाने सतरंजी अंथरून त्यावर खेळण्यातली गाडी ठेवली. तिला बांधलेला दोरा माझ्या हातात दिला आणि सतरंजी मागे ओढली. चाकं भिरभिरली, गाडी जागेवर. दोन बोटांत दोरा धरला होता, जोर असा लागलाच नाही. दोरा जरा ओढला तर सतरंजी मागे जात असतानाही गाडी पुढे आली. अमेरिकेतल्या 'मिथबस्टर्स' या टीव्ही मालिकेने 2008 साली हे खऱ्या विमानावर करून दाखवलं. लांबलचक ताडपत्री गाडीने उलट ओढली आणि वरून हलकं विमान उडालं. भाऊजी म्हणाले, "ताडपत्री म्हणजे पट्टा नव्हे." असो.

एक मात्र सांगते. काहीजण हेच कोडं 'चाकं जितक्या वेगाने फिरतील तितक्याच वेगाने पट्टा' असं घालतात. विमान पुढे सरकलं की ही अट मोडते, म्हणजे प्रश्नच चुकला. अर्धी भांडणं त्यातूनच होतात. प्रश्न दोनदा वाचा, असं मी जन्मभर वर्गात सांगत आले आणि इथे मी स्वतः एकदाही नीट ऐकला नव्हता.

रात्री झोप येईना. हे भांडण मी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं. मग आठवलं, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र', 1896 सालचं. दीक्षित कोकणातल्या मुरूडचे, जन्म 1853, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली त्याच वर्षीचा. पेशाने शाळामास्तर. काही काळ त्यांनी ठाण्यातल्या मराठी शाळेतही शिकवलं. एका मास्तराने नोकरी सांभाळून एवढा ग्रंथ लिहावा, याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे. त्यात आर्यभटाच्या भूभ्रमणाची चर्चा आहे.

आर्यभटाने 499 साली, वयाच्या 23 व्या वर्षी, पृथ्वीच स्वतःभोवती फिरते असं मांडलं. एका प्राणात, म्हणजे सुमारे 4 सेकंदांत, एक कला. वर्तुळात कला 21,600 आणि दिवसाचे प्राणही 21,600. नावेतल्या माणसाला काठावरची स्थिर झाडं मागे जाताना दिसतात, तशीच स्थिर नक्षत्रं आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचाच दाखला.

त्यावर सहाव्या शतकात वराहमिहिराने विचारलं, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात गेलेली घार आपल्या घरट्याकडे परत येते कशी? पुढे लल्लाने बाणांचं आणि ढगांचं उदाहरण दिलं. ब्रह्मगुप्ताने 628 साली आक्षेप घेतला की मग उंच वस्तू कोसळत का नाहीत? आक्षेप घेणारे लहान माणसं नव्हती, हे लक्षात घ्या मंडळी. नवव्या शतकात पृथूदकस्वामीने आर्यभटाची बाजू उचलून धरली, पण तो एकटा पडला. आर्यभटाच्या काही टीकाकारांनी तर 'भूः'च्या जागी 'भं' असा पाठ घेतला. भं म्हणजे नक्षत्र. एका अक्षराने पृथ्वी थांबली आणि आकाश फिरू लागलं! ब्रह्मगुप्ताने खंडन करताना मूळ शब्द दिला होता, म्हणून खरा पाठ कळतो.

घारीचं उत्तर हवेत होतं. हवा पृथ्वीबरोबर फिरते आणि उडण्याआधीच घारीलाही तो वेग असतो. गॅलिलिओने 1632 साली बंद जहाजातल्या फुलपाखरांचा दाखला देऊन हे समजावलं. जहाज चालू असलं तरी ती मागच्या भिंतीला जाऊन चिकटत नाहीत. आपल्या कोड्यात नेमकं उलटं आहे. पट्टा सरकतो, पण हवा त्याच्याबरोबर जात नाही. वराहमिहिराने हवा मागे सोडली आणि आम्ही ती पट्ट्याला बांधली.

हे जुळलं आणि एक मुलगा आठवला. 1984 च्या सुमाराची पाचवीची तुकडी. मी 'पृथ्वीची गती' शिकवत होते. तो उठून म्हणाला, "बाई, मग हेलिकॉप्टर नुसतं वर जाऊन थांबलं तर खाली आपोआप अरबस्तान येईल ना? तिकीट कशाला काढायचं?" वर्ग हसला. मी म्हणाले, "फाजीलपणा पुरे, बस खाली." तो बसला. त्यानंतर त्याने वर्षभर माझ्या तासाला हात वर केला नाही. मला उत्तर येत नव्हतं, हे मी त्या वर्गात कुणालाच कळू दिलं नाही.

सकाळी जुना नकाशासंग्रह काढला. आपल्या अक्षांशावर जमीन तासाला साधारण 1,575 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, म्हणजे 15 अंश. डोंबिवलीपासून सरळ पश्चिमेला 15 अंश मोजले तर बोट समुद्रात, ओमानच्या किनाऱ्याला लागूनच थांबलं. त्या मुलाचे वडील मस्कतला नोकरीला होते. दोन वर्षांतून एकदा यायचे.