धाहरानची हरळी

आमचे आजोबा उसाच्या रानातली हरळी खणून खणून दमायचे. मुळाचा एक तुकडा राहिला की पुन्हा फुटलीच! इथे सौदीत मी तीच हरळी विकत घेऊन वाढवतोय. नर्सरीवाला तिला बर्म्युडा ग्रास म्हणतो, पण जात आपल्या दूर्वांचीच.

परवा लॉनवर पिवळे चट्टे दिसले, पात्यांची टोकं करपलेली. मला वाटलं कीड. माळ्याने मातीवरचा पांढरा थर बोटाने उचलून दाखवला. "नमक, साब."

हे दुखणं इथल्या पहिल्या लॉनइतकंच जुनं आहे. १९३३ साली एका अमेरिकन कंपनीला तेल शोधायचा करार मिळाला आणि १९३८ मध्ये धाहरानच्या सात नंबरच्या विहिरीला तेल लागलं. मग उघड्या टेकडीवर अख्खं अमेरिकन गाव उभं राहिलं. बंगले, मेंदीसारखी कुंपणं, आणि हिरवळ! पाणी मात्र जमिनीखालचं, मचूळ. उन्हात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्यावर उपाय म्हणजे आणखी पाणी द्यायचं, म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरतं. पण निचरा नसेल तर तेच खारं पाणी वर येतं. आपल्या नीरा कालव्याखाली दुसरं काय झालं? तिथल्या खारवट जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वीच केला होता.

एवढा खटाटोप कशाला, तर अमेरिकन कुटुंबांना घरच्यासारखं वाटावं म्हणून. सौदी मजूर कुंपणाबाहेर, झोपड्यांत. हिंदुस्तानी, पाकिस्तानी आणि इटालियन कामगारांची वस्ती आणखी वेगळी. १९५३ मध्ये सौदी कामगारांनी मोठा संप केला, त्यात पगाराबरोबर घरांचंही गाऱ्हाणं होतं. १९५६ मध्ये पुन्हा संप झाला, आणि मग राजाने संपावरच बंदी घातली. त्या काळी आलो असतो तर मला ही हिरवळ लांबूनच बघावी लागली असती. आज खुर्ची टाकून तिच्यावर बसतो, आणि माळी उभा असतो. असो.

माळ्याच्या सांगण्यावरून दोन रात्री पाणी सोडून ठेवलं. चट्टे भरून येताहेत. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "हरळी मरायला लागली? अरे, मग ती जमीन तरी कसली!"