कॉलेजचा सामना आणि गांवची गर्दी

सोलापूर शहरास गर्दीचें वावडें कधींच नव्हतें. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरली म्हणजे सात नंदीध्वजांच्या मागें जो जनसमुदाय लोटतो, त्यांत पेठेपेठेंतील माणूस असतो. गड्डा उठेपर्यंत होम मैदानाकडे जाणारे रस्ते ओस पडत नाहींत. नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाचा रथ निघाला कीं विणकरांच्या वस्तींतील घरें रिकामीं होतात. गणेशोत्सवांत लेझमीचीं पथकें निघालीं म्हणजे मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू या चारहि भाषांतून त्यांचें कौतुक ऐकूं येतें. जिल्ह्यांतील जत्रांतून कुस्त्यांचा फड लागला, तर जागा न मिळालेलीं पोरें झाडावर चढून बसतात. अशा या शहरांत दोन कॉलेजांमधील बास्केटबॉलचा सामना असला, तर तो पाहावयास कोण येतें? दोन्ही संघांचे राखीव गडी, त्यांचे शारीरिक शिक्षक, कांहीं वर्गमित्र, आणि चेंडू बाहेर गेला तर तो आणून देण्यास उत्सुक असलेलीं दोन-चार पोरें. सामना चुरशीचा झाला तरी त्याची वार्ता कॉलेजच्या फाटकाबाहेर जात नाहीं.

या उदासीनतेचें कारण विचारलें असतां दोन उत्तरें ठरलेलीं असतात. एक असें कीं, क्रिकेटनें सारे खेळ गिळून टाकले. दुसरें असें कीं, हा खेळ परका असून त्याचे नियम सामान्य माणसास कळत नाहींत. दोन्हींत तथ्य आहे, परंतु तें पुरेसें नाहीं. क्रिकेट तरी कोठें भीमेच्या कांठीं जन्मलें होतें? आणि नियमांचेंच म्हणाल, तर पायचीत केव्हां द्यावा हें नीट सांगूं शकणारा प्रेक्षक आजहि विरळाच. उलट चेंडू जाळींतून खालीं पडला हें लहान मुलासहि दिसतें. शिवाय खेळाडूचें कौतुक करण्यांत हें शहर मागें नाहीं. पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ सालीं सोलापुरांत झाला. पुढें ते मुंबईस गेले, आणि १९५५ सालीं हैदराबादेस न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून कसोटी सामन्यांत द्विशतक करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांचें नांव सोलापूरकर अद्याप अभिमानानें घेतात. तेव्हां प्रश्न आवडीचा नाहीं. ‘हा आपला’ असें कोणास व कां म्हणावें, याचा आहे.

बास्केटबॉलच्या जन्मकथेंतच त्याच्या अडचणीचें बीज सांपडतें. १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणशाळेंत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडे एक अवघड वर्ग सोंपविण्यांत आला. हिवाळ्यामुळें मैदानें बंद होतीं आणि विद्यार्थी कवाइतीला कंटाळले होते. नेस्मिथनें व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही टोकांस पीच फळांच्या टोपल्या बांधविल्या, १३ नियम लिहून भिंतीवर लाविले, आणि नऊ-नऊ जणांचे दोन पक्ष केले. टोपलींत पडलेला चेंडू प्रत्येक वेळीं वर चढून काढावा लागे. हा खेळ पाहणाऱ्यांसाठीं निर्माण झालेला नव्हता. खेळणाऱ्यांचे हातपाय हालावेत व त्यांचीं डोकीं शांत राहावींत, एवढाच त्याचा हेतु होता. हिंदुस्थानांत तो रुजला तोहि याच वाटेनें. स्प्रिंगफील्डलाच शिकलेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. १९३४ सालीं दिल्लीस पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. मुंबई इलाख्यांत सरकारनें १९३८ सालीं कांदिवलीस शारीरिक शिक्षकांसाठीं संस्था उघडली. म्हणजे कुस्ती तालमींतून आली, हुतुतू गल्लींतून आला, आणि बास्केटबॉल वेळापत्रकांतून आला. ज्या खेळाचा आरंभ तासाच्या घंटेनें होतो, त्याच्याकडे लोक तास म्हणूनच पाहतात.

याला मुंबईंत एक सुंदर अपवाद आहे. नागपाड्याच्या दाट वस्तींत हा खेळ मिशनऱ्यांच्या सेवाकेंद्रांतून आला खरा, पण तो तेथें राहिला नाहीं. गल्लीनें तो उचलला. धाकटे भाऊ थोरल्यांचा खेळ पाहात वाढले, आणि तेथून राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू निघाले. तेथील प्रेक्षक कॉलेजचा नव्हे, मोहल्ल्याचा आहे.

कॉलेजच्या सामन्यास गर्दी जमूंच शकत नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. १८९६ सालच्या एप्रिलांत सॅन फ्रान्सिस्को येथें स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला. पुरुषांस प्रवेश नव्हता. तरी सुमारें ७०० स्त्रिया जमल्या होत्या, आणि त्यांनीं पाहिलेल्या सामन्याचा निकाल काय, तर २ विरुद्ध १! गुणांच्या पावसासाठीं त्या आल्या नव्हत्या. दोन शेजाऱ्यांच्या चुरशीसाठीं आल्या होत्या. १९३४ च्या डिसेंबर अखेरीस नेड आयरिश या गृहस्थानें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एकाच संध्याकाळीं कॉलेजांचे दोन सामने लाविले, तेव्हां १६ हजारांहून अधिक लोक आले. त्यांतहि शहरांतील कॉलेजें बाहेरच्या कॉलेजांशीं भिडलीं, ही खरी मेख होती. याच्या उलट १९३९ सालीं अमेरिकेंतील कॉलेजांची पहिली अखिल राष्ट्रीय स्पर्धा झाली; ओरेगॉननें ओहायो स्टेटचा ४६ विरुद्ध ३३ असा पराभव केला, आणि आयोजकांच्या पदरीं अडीच हजार डॉलरांचा तोटा आला. आज जी स्पर्धा सारा अमेरिका देश पाहतो, तिचा आरंभ असा झाला. राष्ट्रीय हें बिरुद लावल्यानें प्रेक्षक येत नाहींत. शेजारच्याशीं जुनें वैर असल्यास येतात.

आपल्या इकडे याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईच्या क्रिकेटचा. १९०७ सालचे तिरंगी, १९१२ पासूनचे चौरंगी आणि १९३७ पासूनचे पंचरंगी सामने पाहण्यास जी दाटी होई, ती फलंदाजीच्या सौंदर्यासाठीं जितकी, तितकीच आपल्या जमातीच्या जयासाठीं असे. त्या निष्ठेंत विष होतें. गांधीजींनीं १९४० सालीं त्या सामन्यांस विरोध दर्शविला, व १९४६ नंतर ते बंद पडले. तें योग्यच झालें. पण कॉलेज आणि विद्यापीठ यांनीं ती जागा भरून काढावी, अशी जी सुशिक्षितांची अपेक्षा होती, ती फलद्रूप झाली नाहीं.

ती सोलापुरांत कां झाली नाहीं, हें पाहण्यास येथील कॉलेजांचा इतिहास पुरेसा आहे. दयानंद कॉलेज १९४० सालीं निघालें, तेव्हां तें मुंबई विद्यापीठाच्या छत्राखालीं होतें. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें, आणि सोलापूर त्याच्याकडे गेलें. १९५३ सालीं निघालेलें संगमेश्वर कॉलेज असें पुण्याच्या अमदानींत वाढूं लागलें. १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झालें, तेव्हां सोलापूर तिकडे जोडलें गेलें. आणि २००४ सालीं सोलापूर जिल्ह्याचें स्वतंत्र विद्यापीठ झालें. एका शहराच्या कॉलेजांनीं चौसष्ट वर्षांत चार विद्यापीठें पाहिलीं! पदवीच्या कागदावर नांव बदलतें, एवढीच ही गोष्ट नव्हे. विद्यापीठ बदललें कीं प्रतिस्पर्धी बदलतो, अंतिम सामन्याचें गांव बदलतें, मागल्या पराभवाचा हिशेब चुकविण्याची संधि जाते. मुंबईच्या कॉलेजानें हरविलें, त्याचें उट्टें कोल्हापुरांत कसें काढावें? वैर पिकावयास कांहीं पिढ्या जाव्या लागतात, आणि दर पिढीस बांध नवा घातला जात होता.

त्यांत स्पर्धांची रीत अशी कीं, एखाद्या यजमान कॉलेजांत सर्व संघ जमावेत, बाद पद्धतीनें दोन-तीन दिवसांत सारें उरकावें, आणि पहिल्याच फेरींत हरलेल्यांनीं दुपारच्या गाडीनें परतावें. ज्या मुलानें वर्षभर पहांटे उठून सराव केला, त्याचा खेळ त्याच्या गांवानें एकदांहि पाहिलेला नसतो. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो, त्यामुळें त्याचें नांव तोंडीं बसण्यापूर्वींच संघ नवा होतो. तालमीचा वस्ताद तीस-तीस वर्षें एका जागीं असतो. लोक त्याच्या नांवावर पट्ठ्याची कुस्ती पाहावयास जातात.

आणखी एक अंतर होतें, तें पैशाचें व जातीपातीचें. १८७७ सालीं सोलापुरांत जुनी गिरणी निघाली, मागून आणखी गिरण्या उभ्या राहिल्या, आणि भोंग्यावर चालणारें हें शहर झालें. १९४० च्या सुमारास गिरणीकामगाराचें, हातमागावरील विणकराचें वा विडी वळणाऱ्या बाईचें मूल कॉलेजांत जाणें ही नवलाची गोष्ट होती. ज्या इमारतींत आपलें कोणी नाहीं, तिच्या अंगणांतील खेळ आपला कसा वाटावा? पुढें तीं मुलें कॉलेजांत आलीं. परंतु तोंवर गिरण्या एकामागून एक बंद पडत चालल्या होत्या, आणि आलेल्या मुलास खेळापेक्षां नोकरीची घाई अधिक होती.

गांव कॉलेजच्या खेळाडूला डोक्यावर घेतच नाहीं काय? घेतो, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं त्यांस पैसे कमी पडले, तेव्हां प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणिलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडच्या स्टेशनांतून गोळेश्वरपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली, तींत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. मागाहून कुस्त्यांचा फड भरवून त्यांनीं तें कर्ज फेडलें, असें सांगतात. कॉलेजच्या प्राचार्याचें घर सुटलें तें तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांच्या पैशावर! पण हे प्रेक्षक राजाराम कॉलेजचे नव्हते. ते कुस्तीचे होते, आणि कॉलेजांत नांव घालण्यापूर्वींपासून खाशाबा त्यांचेच होते.

बास्केटबॉलच्या खेळाडूस असा पाठीराखा नसतो, आणि पुढची शिडीहि नसते. अमेरिकेंत कॉलेज ही धंदेवाईक खेळाची पायरी आहे. म्हणून तेथें पोरसवदा खेळाडूकडेहि उद्यांचा नामांकित म्हणून पाहतात. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वे आणि सेनादल यांचे संघ बलाढ्य, आणि कॉलेजांतील खेळ हा बहुधा तेथें किंवा पोलिसांत नोकरी मिळविण्याचा मार्ग. पंजाबांतील बल्लोके गांवचा सतनाम सिंग २०१५ सालीं अमेरिकेंतील एन. बी. ए. च्या निवडींत घेतला गेला, तो प्रथम भारतीय. पण तो लुधियानाच्या प्रबोधिनींतून कोंवळ्या वयांतच फ्लॉरिडास गेला होता. कोणत्याहि भारतीय कॉलेजच्या अंगणास त्याचे पाय लागले नाहींत.

२००४ नंतरची स्थिति मात्र पूर्वीसारखी राहिलेली नाहीं. बार्शीचें शिवाजी महाविद्यालय, पंढरपूरचें कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय, अकलूजचें शंकरराव मोहिते महाविद्यालय आणि शहरांतील दयानंद व संगमेश्वर हीं सारीं आतां एकाच विद्यापीठांत आहेत. एस. टी. नें सकाळीं निघून सामना खेळून रात्रीं घरीं परतावें, इतकीं तीं जवळ आहेत. बार्शीकर आणि सोलापूरकर यांना एकमेकांना टोमणे मारण्यास वेगळी शिकवणी लागत नाहीं. बार्शीचा संघ वर्षांतून एकदां सोलापुरास यावा आणि सोलापूरचा एकदां बार्शीस जावा. तोहि ठरल्या वारीं, ऊन उतरल्यावर, दिव्यांखालीं, आणि सलग दहा वर्षें. यास फार मोठी रक्कम लागत नाहीं. लागतें तें वेळापत्रक, आणि तें विद्यापीठाच्या हातीं आहे.