पुढारीपणाची उमेदवारी

निजामी अमलातील मराठवाड्यात लोकांतून पुढारी निपजणे दुर्घटच होते. कारण ‘गश्ती निशाण 53’ या कुप्रसिद्ध हुकुमान्वये सरकारी परवानगीवाचून सभा भरविता येत नसे, दरबारची, कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने मराठी रयतेला तालुक्याच्या अमलदारापुढे आपले गाऱ्हाणे मांडणेही जड जाई, आणि चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याचा प्रसंगच जेथे विरळा, तेथे धैर्य आणि निर्णयशक्ती यांचा अभ्यास व्हावा तरी कोठे?

या कोंडीतून वाट निघाली ती शाळांच्या अंगणातून. लातूरच्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, हिप्परगा येथे 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली, आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेले व्यंकटेश खेडगीकर 1929 साली तिचे मुख्याध्यापक झाले. पुढल्याच वर्षी संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, तरी शाळा त्यांनी सोडली नाही. हिप्परग्यानंतर अंबाजोगाईसही त्यांनी हेच व्रत चालविले. तुटपुंज्या वर्गणीवर संस्था चालविणे, शिक्षकांची मने सांभाळणे आणि सरकारी अधिकाऱ्यांशी नम्रतेने परंतु न झुकता बोलणे, हेच त्यांच्या भावी नेतृत्वाचे पहिले धडे होत.

1937 साली परतूर येथे आणि पुढील वर्षी लातूर येथे संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने भरली. त्यांच्या मागण्या आजच्या वाचकास सौम्य वाटतील. परंतु ठराव मांडणे, विरुद्ध मत ऐकून घेणे आणि बहुमतापुढे मान तुकविणे यांची उमेदवारी कार्यकर्त्यांनी तेथे केली नसती, तर 1938 च्या ऑक्टोबरात निजामाने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर घातलेली बंदी मोडण्यासाठी सत्याग्रहींच्या तुकड्या निघाल्या, त्यांत शिस्त आली असती काय?

त्या शिस्तीची खरी कसोटी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे लागली. 30 जानेवारी 1948 रोजी निजामी सत्तेविरुद्धच्या मुक्तिलढ्यासाठी तेथील बँक लुटण्यात आली. हाती बेहिशेबी द्रव्य आलेले, सरहद्दीवरच्या छावण्यांत जिवाची शाश्वती नाही, अशा स्थितीतही त्या रकमेचा जमाखर्च राखला गेला आणि मुक्तीनंतर तो सादर करण्यात आला. शत्रूवर चालून जाण्यास लागते त्याहून निराळे, आणि माझ्या मते अधिक दुर्मीळ, असे धैर्य यात आहे. अनुयायांचा विश्वास पराक्रमाने जोडला जात असला तरी टिकतो तो चोख हिशेबावरच.

हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही. 1950 साली नांदेडास त्यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. त्याच लढ्यात उतरलेले शंकरराव चव्हाण आधी नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष आणि 1975 साली राज्याचे मुख्यमंत्री झाले. गावच्या नळपाण्याची आणि जकातीची दफ्तरे चाळलेल्या माणसास मंत्रालयाच्या दफ्तरांचा धाक कशाचा? या भूमीतील पुढाऱ्यांचा आत्मविश्वास असा लहान जबाबदाऱ्या निभावता निभावताच त्यांच्या अंगी मुरला.