खाकी, निळी डांगरी आणि बिब्ब्याची खूण : खानदेशातील मेकॅनिकच्या पोशाखाचा मागोवा

जळगावच्या पश्चिमेला असलेल्या पिंप्राळ्याला मुंबई-भुसावळ लोहमार्ग लागून जातो, आणि धुळ्याहून येणारा जुना सहा क्रमांकाचा महामार्गही तिथून लांब नाही. खानदेशातल्या यांत्रिक कामगाराच्या अंगावर जे कपडे आले ते मुख्यतः याच दोन वाटांनी आले. रेल्वेच्या कारखान्यांतून निळी डांगरी आली. मोटारींबरोबर, आणि विशेषतः एस.टी.च्या आगारांबरोबर, खाकी आली. खासगी गॅरेजमधल्या मिस्तरीने या दोन्हींतून जमेल ते उचलले आणि उन्हाळ्याच्या मानाने ते बदलून घेतले. हे कपडे आज फार थोडे उरले आहेत. उरलेले ओळखायला युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांची रीत पुरी पडत नाही, कारण खानदेशातल्या जुन्या कामाच्या कपड्यावर बहुधा कारखान्याचे लेबलच नसते.

कापडाचा इतिहास मोटारीहून पुष्कळ जुना आहे. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाने ओळखले जाणारे जाडेभरडे सुती कापड ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून जहाजांवरून परदेशी जात होते. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून खलाशी आणि मजूर ते वापरत. पुढे याच नावाने तयार कपडाच ओळखला जाऊ लागला आणि कारखान्यांतून ‘डांगरी’ म्हणून परत आला. बॉयलर सूटचे मूळ वाफेच्या इंजिनाशी आहे. बॉयलरची काजळी खरवडायला आत शिरणाऱ्या माणसाच्या कमरेपाशी सदरा आणि पँट यांच्या फटीतून राख आत जाई, म्हणून गळ्यापासून घोट्यापर्यंत सलग असा एकच कपडा शिवला गेला. रंग निळा, कारण नीळ स्वस्त होती आणि तिच्यावर तेल व काजळी कमी दिसे. १८९७ साली जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि हा रंग आणखी स्वस्त झाला.

खाकीची वाट वेगळी आहे. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या पलटणींनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हा मातकट रंग स्वीकारला. पण रोजच्या धुण्यात आणि उन्हात टिकणारी खाकी मिळाली ती १८८४ साली इंग्लंडमध्ये पेटंट झालेल्या खनिज रंगामुळे. त्यात लोह आणि क्रोमियम यांचे क्षार धाग्यावरच बसवले जात. अशा कापडाला हाताला किंचित खरखरीतपणा येतो आणि रंग सहसा उतरत नाही, कापड विरले तरी छटा राहते. लष्करातून ही खाकी पोलिसांत आली, पोस्टमन आणि शिपायांच्या अंगावर गेली, पुढे मोटार चालवणाऱ्यांनी व दुरुस्त करणाऱ्यांनी ती घेतली. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलची, म्हणजे बिन्नीची, खाकी ड्रिल यासाठी देशभर नावाजलेली होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी., १८६० च्या दशकात खानदेशात आली आणि कापसाच्या या मुलखात भुसावळ हे तिचे मोठे ठाणे झाले. लोको शेडमधले फिटर, ड्रायव्हर, फायरमन आणि त्यांच्या हाताखालचे खलाशी हा खानदेशातला यंत्रावर काम करणारा पहिला मोठा कामगारवर्ग. त्याच शतकाच्या सत्तरीच्या दशकात जळगावात मुळजी जेठा कंपनीची कापडगिरणी उभी राहिली. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेहून अमळनेरला येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली, आणि पुढे अमळनेरला प्रताप मिल निघाली. यंत्राशेजारी दिवस काढणाऱ्यांची संख्या अशी मोटार येण्याआधीच वाढली होती. सैल बाही पट्ट्यात अडकली की हात जातो, उपरण्याचा शेव दात्यांत गेला की गळा आवळतो. धोतर-उपरणे सोडून अंगासरशा कपड्यात येण्याची सवय कामगाराला इथे लागली.

मोटारीचा खरा विस्तार स्वातंत्र्यानंतरचा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, नंतर टप्प्याटप्प्याने जिल्ह्यांतली खासगी वाहतूक सरकारी होत गेली, आणि जळगाव व धुळे हे एस.टी.चे स्वतंत्र विभाग झाले. प्रत्येक आगारात दुरुस्तीची शेड आली, तिच्यात कारागीर, सहायक आणि प्रमुख कारागीर अशी उतरंड आली. मोठ्या दुरुस्तीची आणि बांधणीची कामे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांकडे गेली. एस.टी.ने आपल्या माणसांना दीर्घकाळ तयार कपडे दिले नाहीत. कापड आणि शिलाईचे पैसे दिले. थान एकच, पण ते शिवले गेले गावोगावच्या शिंप्यांकडे. म्हणून एकाच आगारातल्या दोन जुन्या सदऱ्यांचे खिसे, कॉलर आणि बाह्या एकसारख्या नसतात. बाहेरचा पाहणारा याला गबाळेपणा म्हणेल. अभ्यासकाला मात्र प्रत्येक सदरा कुठल्या शिवणाऱ्या हाताचा आहे याची खूण त्यातच मिळते. २०१८ च्या सुरुवातीला एस.टी.ने आखीव नमुन्याचा तयार गणवेश आणला. त्याच्या आधीचा शिंप्याच्या हातचा खाकी कपडा हा आता जुना प्रकार मानायला हरकत नाही.

महामार्गावरच्या खासगी गॅरेजांची गोष्ट निराळी. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूरकडचा रस्ता एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकदुरुस्तीचा धंदा तिथे जोराने वाढला. या गॅरेजांत पूर्ण बॉयलर सूट क्वचितच दिसला असावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये जाड सुती सलग कपडा अंगावर ठेवणे अशक्य होते. उस्ताद जुनी पँट आणि बनियन घाली, पोऱ्या अर्ध्या चड्डीत गाडीखाली सरके, आणि गिऱ्हाइकासमोर जायची वेळ आली की वर खाकी सदरा चढे. पेट्रोल पंपांवर थोडा थाट होता, तिथे तेल कंपनीचे चिन्ह असलेले कपडे असत. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस स्टेशनमधला एकसारखा गणवेश सर्रास झाला तो १९८३ साली मारुती आल्यानंतर. म्हणून जुन्या काळाचा डौलदार निळा सूट शोधणाऱ्याने खानदेशात निराश व्हायचे कारण नाही. इथला अस्सल जुना पोशाख सुटा सदरा आणि सुटी पँट असाच आहे.

तो उरला नाही याची कारणे घरातली आहेत. बऱ्या स्थितीतले कपडे बोहारणीला देऊन भांडी घेण्याची रीत होती, पण ग्रीस लागलेल्या खाकीवर ती वाटीसुद्धा देत नसे. अशा सदऱ्याची बाही गॅरेजमध्येच हात पुसायला गेली, पाठ घरात पोतेरे झाली, पँटचा त्यातल्या त्यात धड भाग गोधडीच्या आतल्या थरात शिवला गेला. खानदेशातल्या जुन्या गोधड्या उसवताना आतून निघणारे खाकी आणि निळे तुकडे यामुळे फार मोलाचे आहेत. वर वापरलेल्या कापडाचा रंग उडतो, आत राहिलेल्याचा टिकतो. सबंध कपड्याचाच हट्ट धरणारा संग्राहक या तुकड्यांकडे दुर्लक्ष करतो आणि सर्वांत चांगला पुरावा गमावतो.

अमेरिकेत जुन्या कपड्याचे वय लेबलवरून काढतात. ली कंपनीने १९१३ साली ‘युनियन-ऑल’ हा सलग कपडा काढला, तेव्हापासून तिथला मेकॅनिक कारखान्यात शिवलेला कपडा घालत आला. लेबलावर ‘डब्ल्यू.पी.एल.’ हा उत्पादकाचा नोंदणी क्रमांक असेल तर कपडा १९४१ नंतरचा, ‘आर.एन.’ असेल तर १९५० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा, धुण्याच्या सूचना शिवलेल्या असतील तर १९७० च्या दशकातला किंवा अलीकडचा, असे अंदाज तिथे बांधता येतात. अशी लेबले असलेले कपडे जळगावच्या बाजारातही कधी सापडतात. त्यांचा खानदेशाशी संबंध नसतो. परदेशातले वापरलेले कपडे कांडला, पानिपत अशा वाटांनी देशभर पसरतात, आणि पाठीवर ओहायोच्या गॅरेजचे नाव विणलेला सूट आठवडे बाजारात आला म्हणून तो इथल्या इतिहासाचा भाग होत नाही.

इथल्या कपड्याचे वय काढायचे तर तो उलटा करावा लागतो. खिशाचे अस्तर बहुधा मांजरपाटाचे असते आणि ते थानाच्या टोकाकडच्या उरलेल्या कापडातून कापलेले असू शकते, म्हणून गिरणीचा शिक्का सापडला तर तिथे सापडतो. १९४३ च्या कापड नियंत्रण आदेशानंतर गिरण्यांना कापडावर किंमत छापावी लागे. ही किंमत आण्यांत असेल तर कापड १९५७ च्या आगेमागेचे किंवा आधीचे. ‘नये पैसे’ असतील तर १ एप्रिल १९५७ ते १९६४ या काळातले, कारण १ जून १९६४ ला ‘नया’ हा शब्द गेला. रुंदी इंचांत आहे की सेंटीमीटरमध्ये, हेही पाहावे. १९६० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत वार आणि इंच जाऊन मीटर आले. कापड वर्षानुवर्षे ट्रंकेत पडून मग शिवले जाऊ शकते, तेव्हा यातून कापडाचे वय कळते आणि कपडा त्यानंतरचा एवढेच म्हणता येते.

संस्थांची नावे याहून पक्का आधार देतात. जी.आय.पी. किंवा बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) अक्षरांचे पितळी बटण ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचे, कारण त्या दिवशी मध्य आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या. जळगाव हे दोन्ही रेल्वेंचे जंक्शन असल्याने इथे दोन्ही बटणे मिळू शकतात. शिंप्याच्या कॉलरपट्टीवरच्या इवल्याशा चिठ्ठीवर गावापुढे ‘पू. खा.’, म्हणजे पूर्व खानदेश, असेल तर ती १९०६ मधल्या विभाजनानंतरची आणि बहुतेक १९६० च्या आधीची. त्या वर्षी पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिम खानदेशाचा धुळे. पिनकोड असेल तर चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. पंपावरच्या सदऱ्यावर बर्मा-शेलचा शिंपला असेल तर तो १९७६ च्या राष्ट्रीयीकरणाआधीचा धरावा, एस्सोचे नाव असेल तर १९७४ च्या आधीचा. बटण मात्र एका कपड्यावरून दुसऱ्यावर सहज जाते. त्याखालच्या कापडावर बटणाच्या आकाराची न उडालेल्या रंगाची जागा आहे का, आणि दोरा बाकीच्या शिवणीशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय बटणावर विश्वास ठेवू नये.

परिटाची खूण ही तर खास इकडची गोष्ट. बिब्ब्याचा रस सुईने किंवा काडीने कापडावर लावून वर चुना दिला की काळा डाग उमटतो आणि तो कापड फाटेपर्यंत जात नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी, ठिपके, रेघा किंवा फुली अशी. कॉलरच्या आत वा कमरपट्टीवर ती असेल तर कपडा नेमाने परिटाकडे जात होता, म्हणजे मालक पगारी नोकरीतला असण्याचा संभव जास्त. रेल्वे आणि गिरणीतल्या कामगाराला तिकीट नंबर असे, आणि तो कधी शाईने तर कधी दोऱ्याने कपड्यावर घातलेला मिळतो. नंबरवरून माणसाचे नाव शोधता आले तर कपड्याचे मोल पुष्कळ वाढते, पण ते नाव जाहीर करण्याआधी घरच्यांची परवानगी घेणे सभ्यपणाचे आहे.

कापडाची पारख शेवटी हातानेच होते. टेरीकॉट, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टरचे मिश्र कापड, १९७० च्या दशकात सर्वदूर पसरले. शिवणीच्या आतून काढलेला एक धागा जाळून पाहिला की सुताला जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. निळीचा रंग गुडघे, कोपर आणि शिवणीच्या कडांवर आधी उडतो, नंतरचे गडद निळे मिश्र कापड बऱ्यापैकी एकसारखे फिके पडते. खरा वापर जागा पाहून कळतो. गाडीखाली पाठीवर झोपून काम करणाऱ्याचे खांदे आणि माकडहाडाची जागा झिजते, बॉनेटवर ओणवे होणाऱ्याचे पोट आणि मांड्यांचा वरचा भाग. वेल्डिंग करणाऱ्याच्या सदऱ्याला ठिणग्यांची बारीक भोके पडतात, बॅटरीवाल्याच्या कपड्याला आम्लाने कडा विरलेली मोठी भोके. बाजारात विकण्यासाठी तेल ओतून जुना केलेला कपडा याच कसोटीवर उघडा पडतो, कारण त्याचे डाग शरीराच्या हालचालींशी जुळत नाहीत.

असा कपडा हाती आल्यावर तो झटकू नये. जुन्या ब्रेक आणि क्लच लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ शिवणीत वर्षानुवर्षे राहते, ती फुप्फुसांना घातक आहे. वापरलेले इंजिन ऑइलही कातडीला अपायकारक, म्हणून हातमोजे घालून कपडा हाताळावा, लहान मुलांपासून दूर ठेवावा, आणि घरच्या कपड्यांबरोबर तर कधीच धुऊ नये. मुळात धुवायचाच असेल तर आधी सगळ्या डागांची, शिक्क्यांची आणि परिटाच्या खुणांची छायाचित्रे घ्यावीत. ब्लीच टाळावे. लोखंडी हूक आणि बकलांचा गंज कापड खातो, त्यांच्याखाली मांजरपाटाचा तुकडा ठेवावा. घडी दर काही महिन्यांनी बदलावी, म्हणजे एकाच रेषेवर कापड चिरत नाही. कोरड्या हवेमुळे खानदेशात बुरशीचा त्रास कोकणापेक्षा कमी, पण कापड खाणाऱ्या किड्यांकडे लक्ष ठेवावे लागते.

प्रत्येक वस्तूबरोबर एक कागद असावा. त्यावर कपडा कुठल्या गावातून, कोणत्या आगारातल्या, शेडमधल्या किंवा गॅरेजमधल्या माणसाकडून आला, त्याने कोणत्या गाड्यांवर काम केले, शिंपी कुठला होता, दोन जोड वर्षभर कसे पुरवले जात, हे सांगणाऱ्याच्या शब्दांत आणि तारखेसह लिहावे. जी गोष्ट कपड्यावरून दिसते ती आणि जी ऐकलेली आहे ती, या दोन्ही त्या कागदावर वेगवेगळ्या ठेवाव्यात.